जुन्या गाडीचा गळका रेडिएटर: बदलायचा कसा, आणि त्याआधी काय तपासायचं

चोर्ल्याच्या घाटात आमची मारुती ८०० तापली तेव्हा काटा आधी लाल रेघेला टेकला आणि मग हळूहळू खाली उतरला. मला वाटलं, सुटलो. आई शेजारी बसली होती, आम्ही बेळगावला मावशीकडे निघालो होतो. दोन वळणं गेली की थांबू असं म्हणत मी गाडी तशीच रेटली. काटा उतरला होता तो गाडी थंड झाली म्हणून नव्हे. रेडिएटरमधलं पाणी संपलं होतं आणि तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडला होता. पाण्यात बुडालेला नसेल तर तो सेन्सर खरं सांगू शकत नाही. त्या दोन वळणांपायी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पातळ सील, गेलं, हेड वाकलं आणि ते फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवावं लागलं.

त्याआधीचे सहा महिने मी रोज सकाळी बॉनेट उघडून तांब्याभर पाणी घालत होतो. डिचोली, साखळी, वाळपई, फोंडा या भागांत जुन्या गाड्या वापरणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. डिकीत पाण्याची बाटली ठेवायची, काटा वर चढला की थांबायचं, पाणी ओतायचं आणि पुढे निघायचं. म्हणून हा लेख. रेडिएटर बदलणं हे सुटीच्या एका दिवसात घरी होण्यासारखं काम आहे. खरं काम आहे ते तो का गळला हे शोधण्याचं, आणि त्याच्या जोडीची बाकीची म्हातारी माणसं, म्हणजे होज (पाण्याच्या जाड रबरी नळ्या), कॅप, थर्मोस्टॅट, पंखा, यांचीही विचारपूस करण्याचं. नवा रेडिएटर लावून जुना होज तसाच ठेवला, तर महिनाभरात तो होज फुटतो. आधीच्या गळतीमुळे दाब कधी पूर्ण चढतच नव्हता, म्हणून तो तगून होता.

मी इथे उदाहरण ८०० चं देतो, कारण माझा हात तिच्यावर बसलेला आहे. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली ही ७९६ सीसीची तीन सिलिंडरची गाडी गोव्यात अजून बऱ्याच अंगणांत उभी दिसते. ओम्नी, झेन किंवा जुनी जीप असेल तर बोल्टच्या जागा बदलतील. पद्धत तीच.

आधी गळती शोधा

इंधन जळून जी उष्णता तयार होते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. पंप पाणी फिरवतो, थर्मोस्टॅट ते कधी सोडायचं हे ठरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते निवतं आणि कॅप सगळ्याला दाबाखाली ठेवते. यातलं काहीही बिघडलं तरी आपल्याला दिसतं एकच: पाणी कमी झालं. म्हणून लगेच रेडिएटरला दोषी ठरवू नका.

रात्री गाडी सपाट आणि कोरड्या जागी लावा आणि खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा. पावसाळ्यात हे पोर्चमध्येच करायला हवं, कारण ओल्या अंगणात काहीच कळत नाही. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. अगदी पुढे, नंबरप्लेटच्या मागे असेल तर रेडिएटर किंवा खालचा होज. इंजिनाच्या बेल्टच्या बाजूला असेल तर पाण्याच्या पंपाकडे बघा. पंपाच्या पोटाला एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी ठिबकतं. ते भोक एमसीलने बुजवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. पाणी मग बेअरिंगमध्ये शिरतं, बेअरिंग जाम होतं आणि बेल्ट तुटतो.

एसी चालवून आल्यावर डाव्या बाजूला साधं, बिनवासाचं पाणी ठिबकत असेल तर ती गळती नव्हे, ते एसीचं पाणी. कूलंटला, म्हणजे पाण्यात मिसळायच्या गंजरोधक द्रवाला, गोडसर वास असतो आणि बोटांना ते किंचित बुळबुळीत लागतं.

डाग सापडला नाही तर डोळ्यांनी शोधा. कूलंट सुकलं की मागे पांढरट-हिरवट खपली राहते. होजची टोकं, क्लिपांच्या खालची बाजू, रेडिएटरच्या जाळीला टाकी जिथे जोडलेली असते ती रेघ, आणि ब्लॉकच्या अंगावरची गोल पत्र्याची बुचं, ज्यांना गॅरेजमध्ये वेल्च प्लग म्हणतात, या सगळ्या जागा टॉर्च लावून बघा. समुद्रकाठच्या गाड्यांत ही बुचं बाहेरून गंजलेली असतात. पेडण्याकडे किंवा साष्टीच्या किनाऱ्याला गाडी राहत असेल तर ती विसरू नका.

सगळ्यात खात्रीची परीक्षा प्रेशर टेस्टरची. कॅपच्या जागी हातपंप बसवून कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि दहा मिनिटं काटा स्थिर राहतो का ते बघायचं. बऱ्याच रेडिएटरवाल्यांकडे हा पंप असतो. इंजिन बंद असतं, भाजायची भीती नाही, आणि चालू गाडीत वाफ होऊन उडून जाणारी बारीक गळतीसुद्धा थेंब होऊन दिसते.

दाब उतरतोय पण बाहेर कुठेच थेंब नाही, असं झालं तर जीव थोडा घट्ट करा. पाणी आत जात असावं. थंड इंजिन असताना कॅप काढून गाडी चालू करा. रेडिएटरच्या तोंडात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा कॅप लावून गाडी चालू केल्यावर दोनच मिनिटांत, इंजिन गरम व्हायच्या आत, वरचा होज टणक झाला, तर हेड गॅस्केट गेलं आहे. डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ असेल तर शंकाच नको. एक मात्र सांगतो: पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली पिवळट फेस दिसतो, तो बहुधा हवेतल्या दमटपणाचा असतो. झाकण बघून घाबरू नका, डिपस्टिक बघा. गॅस्केट गेलं असेल तर आधी तेच काम करा. नुसता रेडिएटर बदलून काही होणार नाही.

जुनाच दुरुस्त करावा का

रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याला डाग देता येतो, म्हणजे भोक झाळून बुजवता येतं, टाकी उघडून नळ्या आतून साफ करता येतात, जाळी नवीन बसवता येते. एखादी नळी गेली आणि बाकीचा जीव शाबूत असेल, तर चांगल्या कारागिराकडून डाग देऊन घ्या. मात्र जाळीचे पत्रे बोट लावताच मातीसारखे झडत असतील, तर डाग एकीकडे द्याल आणि दुसरीकडून पाणी येईल. खाणपट्ट्यातली लाल धूळ आणि पावसाळी दमट हवा मिळून हे पत्रे फार लवकर खातात.

अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असलेल्या रेडिएटरला मात्र मी दुरुस्तीचा सल्ला देणार नाही. उष्णतेने ठिसूळ झालेल्या प्लास्टिकला चिकटवलेला डिंक घाटात सुटतो.

हळदीबद्दलही बोललंच पाहिजे. रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकली की गळती थांबते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि ती थांबते हेही खरं आहे. हळद बारीक भोकात जाऊन बसते. पण ती फक्त भोकातच बसत नाही, रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही बसते. बाजारात मिळणाऱ्या गळती-बंद पावडरींचंही तेच. रात्री अनमोडच्या जंगलात अडकलात तर टाका आणि घरी या. त्यानंतर मात्र पूर्ण सफाई चुकवता येणार नाही.

बाजारातून काय आणायचं

रेडिएटर आणताना शक्य असेल तर जुना काढून सोबत न्या. एसीवाल्या आणि बिनएसीच्या मॉडेलचे रेडिएटर वेगळे असू शकतात. होजची तोंडं कुठल्या बाजूला आहेत, पंख्याचे बोल्ट कुठे बसतात, पंख्याच्या स्विचसाठी भोक आहे की नाही, हे दुकानातच जुळवून बघा. काउंटरवरून गाडीचं नाव सांगून आणलेला रेडिएटर घरी येऊन बसत नाही, हा अनुभव मी दोनदा घेतला आहे.

त्याबरोबर वरचा आणि खालचा होज, असतील तर छोटे बायपास होज, सगळ्या नव्या क्लिपा, थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट, नवी कॅप, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घ्या. कॅप घेताना जुन्या कॅपवरचा आकडा बघा. आमच्या कॅपवर ०.९ लिहिलंय, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबावर आणखी जवळजवळ तेवढाच दाब. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० नव्हे तर ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कॅपची स्प्रिंग ढिली पडली की हे संरक्षण जातं आणि तापमान नेहमीइतकंच असूनही पाणी उकळून बाहेर पडतं. उलट, जास्त दाबाची कॅप मजबूत म्हणून लावाल तर जुने सांधे फुटतील. कॅपमध्ये आणखी एक छोटी झडप असते. ती इंजिन निवताना रिझर्व्ह बाटलीतलं कूलंट परत आत ओढू देते. सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसला तर ही झडप चिकटलेली आहे असं समजा.

विहिरीचं पाणी का नको, हे आमच्या भागातल्या माणसाला पटवणं कठीण जातं, कारण ते आपण पितो. जांभ्या दगडातून झिरपलेलं पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असतं आणि त्यात लोह असतं. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. माणसाला चालणारं पाणी अॅल्युमिनियमच्या हेडला चालतंच असं नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंटची गरज नाही, हाही गैरसमज. इथे कूलंट हवं ते गंज रोखणाऱ्या रसायनांसाठी आणि उत्कलनबिंदू वर नेण्यासाठी. ही रसायनं काळानुसार संपतात, म्हणून कूलंट रंगाने छान दिसत असलं तरी मुदतीत बदलायचं.

काढायचं काम

गाडी रात्रभर उभी असलेली हवी. गरम इंजिनाची कॅप उघडू नका, कुणी घाईत असलं तरी नाही, फडकं धरूनही नाही. दाब सुटला की आतलं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन उसळतं आणि चेहरा, छाती, हात भाजतात. थंड असली तरी कॅपवर फडकं ठेवून आधी पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुस्स असा आवाज संपू द्या, मग दाबून पूर्ण काढा.

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण लावा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. खाली जायची गरज असेल तर जॅकवर भिस्त न ठेवता स्टँड लावा. आपल्या अंगणात हाताशी चिरे असतात आणि चिऱ्याची चवड लावून गाडी टेकवायचा मोह होतो. जांभा दगड आतून पोकळ-सच्छिद्र असतो, कधी फुटेल ते सांगता येत नाही. गाडीखाली माणूस असताना चिरा वापरायचा नाही.

खाली रुंद घमेलं ठेवा आणि रेडिएटरच्या तळाचा ड्रेन उघडा. तो हाताने फिरत नसेल तर जोर लावून तोडू नका, सरळ खालच्या होजची क्लिप ढिली करा. जे निघतं त्याकडे नीट बघा. हिरवं किंवा गुलाबी आणि पारदर्शक असेल तर बरं. गंजलेलं, चहासारखं असेल तर ब्लॉक आतून धुवावाच लागेल. वर तेलाची साय तरंगत असेल तर पुन्हा हेड गॅस्केटकडे वळा. किती लिटर निघालं तेही मोजा आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. नंतर भरताना हेच मोजमाप कामी येतं.

पंख्याचा कनेक्टर आणि स्विचची वायर सोडवा. पकडायचं ते कनेक्टरला, वायर ओढायची नाही. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रिझर्व्ह बाटलीकडे जाणारी बारीक नळी काढा. मग होज. जुना होज तोंडावर घट्ट चिकटलेला असतो. त्याच्या आत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटलात तर पितळेचं तोंड वाकतं आणि प्लास्टिकचं तडकतं. होज हातांनी पिळा. सुटत नसेल तर तो बदलायचाच आहे, कटरने उभा चिरा आणि सोला. इंजिनाच्या बाजूचं अॅल्युमिनियमचं तोंड चिरताना पात्याचा ओरखडा पडू देऊ नका, पुढची गळती तिथूनच सुरू होते.

रेडिएटर धरून ठेवणारे बोल्ट बहुतेक १० किंवा १२ नंबरच्या पान्याचे असतात. आदल्या रात्री त्यांच्यावर गंज सुटण्याचं तेल मारून ठेवा. खाऱ्या हवेतल्या गाडीला हे अनिवार्य आहे, नाहीतर बोल्टचं डोकं तुटून हातात येतं. एसी असेल तर रेडिएटरच्या पुढेच कंडेन्सर, म्हणजे एसीची जाळी, असते. तिच्या नळ्या वाकवू नका आणि तिचे सांधे सोडू नका, त्यात गॅस दाबाखाली असतो. पंखा आणि त्याचा पिंजरा आधी मोकळा करून बाहेर घ्या, मग रेडिएटर सरळ वर उचला.

रेडिएटर निघाला की पुढचा पत्र्याचा आडवा पट्टा पहिल्यांदाच नीट दिसतो. गोव्याच्या गाडीत तो गंजलेला असण्याची शक्यता फार मोठी. तारेच्या ब्रशने घासा, पुसा, रेड ऑक्साइड मारा आणि सुकू द्या. अर्धा तास जातो. पण रेडिएटर ज्या पट्ट्यावर बसणार तोच सडला तर नव्या रेडिएटरला प्रत्येक खड्ड्यात हादरे बसतात आणि तोंडाचे सांधे सुटतात. खालच्या रबरी गाद्या चपट्या झाल्या असतील तर त्याही बदला.

ब्लॉक धुणं, थर्मोस्टॅट, पंखा

वरचा होज इंजिनाला जिथे जातो, त्या झाकणाखाली थर्मोस्टॅट असतो. झाकणाचे बोल्ट अॅल्युमिनियममध्ये बसवलेले असतात, म्हणून काढताना आणि घट्ट करताना हात हलका ठेवा. आटे गेले की काम दुप्पट होतं. थर्मोस्टॅट काढून झाकण परत लावा आणि बागेच्या पाइपने वरच्या बाजूने पाणी सोडा. मग उलट, खालून वर. दोन्हीकडून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबू नका. पाण्याचा जोर मध्यम ठेवा. यासाठी नळाचं किंवा विहिरीचं पाणी चालतं, पण शेवटची खळखळणी डिस्टिल्ड वॉटरची करा. कॉस्टिक सोड्याने झटपट साफ होतं म्हणून तो घालणारे आहेत. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातो, त्याला हात लावू नका.

आता थर्मोस्टॅटविषयी, कारण माझ्या घाटातल्या प्रसंगाची मुळं इथे होती. आधी गाडी एकदा तापली तेव्हा एका गॅरेजमध्ये तो काढून टाकला होता. मला सांगितलं, आपल्या हवेत हा लागत नाही. मी मान डोलावली. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नेहमी अर्धवट थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये गाळ साचतो. काही इंजिनांत तर त्याच्या जाण्याने बायपासची वाट उघडीच राहते. मग थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा घाला, पण जागा रिकामी ठेवू नका.

नवा असला तरी बसवण्याआधी तपासा. टोपात पाणी घ्या, झडपेत दोरा अडकवून थर्मोस्टॅट लोंबकळत ठेवा आणि गॅस मंद करा. त्याच्या अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. तेवढ्या तापमानाला झडप उघडू लागते आणि थर्मोस्टॅट दोऱ्यावरून सुटून पाण्यात पडतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर असला तर उत्तम. नसला तरी पाणी खळाखळा उकळेपर्यंत तो उघडलाच नाही तर परत करा. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि हवा सुटायचं बारीक भोक वरच्या अंगाला. जुन्या गॅस्केटचे तुकडे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा.

पंखा बघायची वेळ हीच. बॅटरी क्षणभर जोडा, चावी फिरवा, आणि कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीत रेडिएटरच्या स्विचची दोन टोकं वायरच्या तुकड्याने एकत्र टेकवा. पंखा फिरला तर मोटर आणि फ्यूज ठीक, दोष असलाच तर स्विचमध्ये. एकच वायर असेल तर ती इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून बघा. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कंप्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत मात्र सेन्सरच्या वायरी अशा टेकवू नका. तिथे पंखा कंप्युटर आणि रिले चालवतो, ते काम इलेक्ट्रिशियनकडे द्या. पंखा उलटा फिरतोय का हेही बघा. जाळीच्या पुढून कागद धरा. तो आत खेचला गेला पाहिजे. वायरी अदलाबदल झालेला पंखा समोरून येणाऱ्या हवेलाच ढकलत राहतो, आणि कुणाला ते कळत नाही.

पंखा डायरेक्ट करून घेण्याची सवयही आपल्याकडे आहे, चावी दिली की पंखा चालू. तात्पुरतं म्हणून केलेलं ते वर्षानुवर्षं राहतं, मोटर झिजते, आणि ती बंद पडली की ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. स्विच बदला.

पंपाची पुली हाताने हलवून बघा. ती डुगडुगत असेल, खरखर वाजत असेल किंवा भोकातून ओल दिसत असेल तर पंप आताच बदला, कारण पाणी आधीच काढलेलं आहे. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर सेंटीमीटरभर दबला पाहिजे. चिरा गेलेला बेल्ट ठेवू नका.

बसवणं आणि हवा काढणं

नवा रेडिएटर गाद्यांवर टेकवा, बोल्ट आधी हातानेच लावा आणि सगळे बसल्यावर पान्याने आवळा. पंख्याचं पातं हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा. होज आत ढकलताना तोंडावर थोडं कूलंट चोळा. ग्रीस किंवा ऑइल नको, रबर फुगतं. तोंडावर जो उंचवटा असतो त्याच्या पलीकडे होज गेला पाहिजे आणि क्लिप उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. प्लास्टिकच्या तोंडावर क्लिप जीव खाऊन आवळू नका.

कूलंट तयार मिसळलेलं असेल तर तसंच वापरा. दाट असेल तर निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. दाट कूलंट नुसतंच भरलं तर जास्त फायदा होत नाही, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. रंग बघून दोन प्रकार मिसळू नका. रंग कंपनीगणिक बदलतो. बाटलीवर कुठल्या धातूंना आणि किती वर्षांसाठी लिहिलंय ते वाचा. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर त्याला चालेल असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या.

आता सावकाश जायचं. गाडीचं नाक थोडं चढावर राहील अशी उभी करा. आमच्या घराकडची वाट चढाची आहे, मी तिथेच करतो. कॅप काढलेलीच ठेवून बारीक धारेने भरा, मधेमधे वरचा होज हाताने दाबत राहा. गुळगुळ करत हवा वर येते. तोंडापर्यंत भरलं की इंजिन चालू करून मंद ठेवा. थोड्या वेळाने पातळी एकदम खाली जाईल. थर्मोस्टॅट उघडून पाणी फिरू लागलं त्याची ही खूण. लगेच भर घाला. वरचा होज गरम होईल, मग खालचा कोमट. पंखा आपोआप लागून आपोआप बंद झाला पाहिजे, असं दोनदा होऊ द्या. बुडबुडे थांबले की भरून कॅप लावा. या वेळी तोंडातून पाणी उसळू शकतं, म्हणून चेहरा वर धरू नका आणि मुलांना दूर ठेवा. रिझर्व्ह बाटली दोन खुणांच्या मधोमध भरा.

किती लिटर आत गेलं ते मोजा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बरंच कमी गेलं असेल तर कुठेतरी हवा अडकली आहे. ही अडकलेली हवाच नव्या रेडिएटरच्या गाडीला पहिल्या घाटात तापवते आणि मग माणूस रेडिएटरच बोगस निघाला म्हणतो.

पहिले तीन दिवस

पहिली फेरी गावातली, दहा-पंधरा मिनिटांची. परत येऊन इंजिन पूर्ण निवू द्या. दुसऱ्या सकाळी थंड असताना कॅप उघडा, पातळी बघा, भर घाला. नवं रबर बसतं, म्हणून क्लिपा पुन्हा एकदा अर्धा फेरा आवळा. खाली वर्तमानपत्र घाला. तीन सकाळी कागद कोरडा निघाला आणि पातळी हलली नाही, तरच घाटाचा विचार करा. दिवाडी किंवा चोडणला फेरीने जाणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. रांगेत उभं राहून इंजिन बंद करताना पंख्याचा आवाज ऐका आणि रिझर्व्ह बाटलीवर नजर टाका. बॉनेट उघडायला तेवढा वेळ मिळतोच.

घाटात काटा मधल्या खुणेच्या वर चढू लागला तर एसी बंद करा, खालचा गिअर घ्या आणि पहिल्या सुरक्षित रुंद जागी थांबा. वाफ दिसली किंवा काटा लालला टेकला तर इंजिन लगेच बंद. तापलेल्या इंजिनावर झऱ्याचं थंड पाणी ओतू नका, हेड तडकतं. इंजिन निवेपर्यंत, निदान अर्धा-पाऊण तास थांबा, मग फडकं ठेवून कॅप आणि थोडंथोडं पाणी. काटा आपणहून खाली आला तर आनंद मानू नका. उतरा आणि बॉनेट उघडा.

घमेल्यातलं जुनं कूलंट

ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं, मांजर, रस्त्यावरची गाय ते चाटते आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरते. घमेलं अंगणात उघडं ठेवून जेवायला जाऊ नका. गटारात, माडाच्या आळ्यात, विहिरीच्या आसपास ओतू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक 'विष' लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या वर्कशॉपमध्ये विचारून तिथे पोचवा. जमिनीवर सांडलं असेल तिथे आधी माती किंवा भुसा टाकून ते शोषून घ्या, ती माती पिशवीत भरा, आणि मगच फरशी भरपूर पाण्याने धुवा. घमेलं पुन्हा कधीही गुरांच्या पाण्याला वापरू नका.